जिनिंगमधला ढावलो

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एक डाळ मिल आहे. बबिता तिथं पॅकिंगला आहे. तिचे हात झपाझप चालतात हे खरं, पण मालक तिला धरून आहे तो तिच्या कानासाठी. चाळणीचं मशीन कुठं जरा बिघडायला लागलं की मिस्त्रीच्या आधी बबिताला कळतं. हातातली पिशवी न सोडता ती म्हणते, "पट्टा ढिला झाला. ठेका चुकून राह्यला." पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मिस्त्री खदखदून हसला होता. "ठेका? हे का भजनी मंडळ हाय?" मशीन बंद करून बघतो तर पट्टा खरंच निसटायला आलेला. तेव्हापासून दुरुस्ती झाली की तो आधी तिच्याकडं बघतो. तिनं मान हलवली की मगच पाना खाली ठेवतो.

असा कान असलेली बाई गात नाही, हे तिच्यासोबतच्या बायांना काही केल्या पटत नाही. वच्छलाबाई तर हट्टालाच पेटलेली. येता-जाता ऑटोत, जेवणाच्या सुट्टीत, कोणाच्या डोहाळजेवणात, तिचं एकच टुमणं, "म्हण ना वं एखादं! आमाले का तिकीट लावतं?" बबिता डब्याचं झाकण लावते आणि म्हणते, "मले नाही येत बाप्पा." साफ खोटं! दिग्रसच्या कॉलेजात एक काळ असा होता की गॅदरिंगला हिचं नाव पुकारलं की मागची पोरं खुर्च्यांवर चढायची.

गेल्या भादव्यात, जेवणाच्याच सुट्टीत, तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एका माणसाचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. अठरा वर्षांत तो आवाज तिनं ऐकला नव्हता, तरी पहिल्या शब्दाला ओळखला. दिग्रसचा रवी, साउंड सर्व्हिसवाला.

"बबिता, रवी बोलतो. एवढ्या वर्षानं बोलून राह्यलो, चिडू नोको. काकाचं जुनं डेक भंगारात द्याले काढलं, तं त्याच्या पोटात कॅसेट फसून होती. आपली! फीत पार चिकटली होती. दुसऱ्या कॅसेटचं खोकं घेतलं, स्क्रू खोलले, हातानं गुंडाळली. चार दिवस गेले, पण वाजते. तुहा ढावलो हाय त्याच्यात. जेवढा भरला तेवढा, शेवटपर्यंत. शाम हो म्हणते, अश्वजित हो म्हणते. यूट्यूबवर टाकाचं मनात हाय. पण तू हो म्हणशीन तवाच."

त्याच्या खाली गाणं पाठवलेलं. बबितानं ते वाजवलं नाही. डबा तसाच ठेवून ती नळावर जाऊन हात धूत बसली. शेवटपर्यंत, असं रवी म्हणाला होता. शेवटी काय आहे हे तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

आता हा ढावलो म्हणजे काय आणि तो जिनिंगमध्ये कुठून आला, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

बबिता बंजारा. दिग्रसपासून तीन कोसांवरच्या तांड्यातली. तिच्या तांड्यात पोरगी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून रडते, आणि ते रडणं सुरात असतं, शब्दांत असतं. तोच ढावलो. आधी बापाचं कडवं, मग भावाचं, मग आईचं. नवरी ते पोटातून म्हणते आणि ऐकणारी माणसं डोळ्यांना पदर लावतात. लग्न ठरलं की जाणत्या बाया तिला समोर बसवून शिकवतात. रडणंसुद्धा नीट यायला हवं. नाहीतर नवरीच्या आईला बाया वर्षभर नावं ठेवतात. बबिताची आई लालीबाई ही तांड्यातली सगळ्यात जाणती. चाळीसेक पोरींना तिनं ढावलो शिकवला असेल. आणि तिचा एक कायदा होता. लग्न ठरल्याशिवाय ढावलो तोंडात घ्यायचा नाही. "बिनालग्नाची रडून बसली तं लग्नात रडाले काय उरते?" असं म्हणायची. आपलीच पोरगी दाराआड बसून दहाव्या वर्षी सगळी कडवी पाठ करून बसलीय, याचा मात्र तिला पत्ता नव्हता.

ही झाली एक गोष्ट. दुसरी गोष्ट बोंडअळीची.

दोन हजार सात साल. दिग्रसच्या कॉलेजात चौघांनी मिळून एक रॉक बँड काढला होता. बबिताचा मोठा भाऊ शाम ड्रम वाजवी. लग्नाच्या बँडवाल्यांनी टाकून दिलेले दोन ढोल, एक फुटकी झांज आणि पायाशी पत्र्याचा डबा, हा त्याचा ड्रमसेट. रवीकडं काकाच्या साउंड सर्व्हिसचं सामान आणि एक छोटा कॅसिओ. गिटार अश्वजितची. त्याचे वडील धर्मपाल जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर, आणि भीमजयंतीच्या दिवसांत गायन पार्टीत पेटी वाजवणारे. पोराची गिटार ऐकून ते म्हणत, "सहा तारा असून रडत काहून नाही रे हे?" आणि गाणारी बबिता, वय एकोणीस, बीएचं दुसरं वर्ष. कॉलेजातले एक सर वैतागून म्हणाले होते, "हे चौघं म्हणजे वर्गातली बोंडअळी. आतून पोखरतात!" पोरांनी ते शिवी म्हणून न घेता नाव म्हणूनच घेतलं. बोंडअळी! कापसाच्या गावात पोरांनी बँडचं नाव काय ठेवावं, तर बोंडअळी. एकेकाची हिंमत असते, दुसरं काय.

पावसाळ्यात जिनिंग बंद असते. धर्मपालकाकांकडं आतल्या शेडची चावी होती. न विकलेल्या रुईच्या गाठी तिथं छतापर्यंत रचलेल्या. पोरांनी त्यातल्या गाठी सरकवून मधोमध एक खोली केली. त्या खोलीत उभं राहिलं की बाहेरचा पाऊससुद्धा ऐकू येत नसे. स्वतःचा श्वास मात्र कानाशी वाजायचा. बबिताला ती जागा इतकी आवडे की ती कधी कधी सगळ्यांच्या आधी जाऊन नुसतीच उभी राहायची. घरात तिला कोणी कधी एवढं शांत उभं राहू दिलं नव्हतं.

अश्वजितनं एक गाणं केलं होतं, पहाटेच्या सव्वापाचच्या यवतमाळ गाडीवर. त्या गाडीत बसून गावातली पोरं एकामागून एक पुण्याला, सुरतेला निघून गेली, त्या पोरांचं ते गाणं. दोन अंतरे जमले, शेवट काही जमेना. आठ दिवस डोकं खाजवून झालं, तेव्हा शाम सहज बोलून गेला, "माह्या बहिणीले पुरा ढावलो येते."

"मरतं का बे!" बबिता ओरडली. "याडीनं ऐकलं तं जित्ती सोडणार नाही."

याडी म्हणजे आई. अश्वजित तार पिळत बसला. मग मान खाली घालूनच म्हणाला, "गाव सोडून जाणाऱ्या पोट्ट्याले रडता येत नाही ना वं. लोक हासतात. त्याच्या बदली तू रड."

एवढं ऐकल्यावर नाही म्हणणं तिला जमलं नाही.

श्रावणातला बाजाराचा दिवस होता. गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं; कोरी कॅसेट एकच उरलेली. पहिल्यांदा लाइट गेली. दुसऱ्यांदा रवीचा कोपर बटणाला लागला. तिसऱ्यांदा शामला शिंक आली. ती एवढी जोरात की चौघंही हसून हसून आडवे झाले. चौथ्यांदा मात्र सगळं लागलं. बबितानं डोळे मिटले, आवाज लावला. बापाचं कडवं म्हणून झालं. भावाचं कडवं सुरू झालं तसा शामचा हात जड झाला, त्याचे डोळे भरून आले, पण ठेका त्यानं सोडला नाही.

आणि बाहेर, शेडच्या दाराच्या फटीशीच, धावजी बसला होता.

धावजी जिनिंगचा चौकीदार, आणि नेमका बबिताच्याच तांड्यातला. पोरं आत बाजा वाजवतात हे त्याला ठाऊक होतं; त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. पण साठ वर्षांच्या आयुष्यात त्यानं नवरीशिवाय कोणाच्या तोंडी ढावलो ऐकला नव्हता. बंद दाराआडून कोवळ्या पोरीचा ढावलो येतोय, तोही एकदा नाही, तीन-तीनदा! बिड्या फुंकत म्हाताऱ्यानं हिशोब लावला. भीमसिंगची पोरगी आत, तिचा भाऊ आत, धर्मपालचा पोरगा आत, बाजाही आत. आणखी काय पाहिजे? धावजीनं काठी टाकली आणि बाजाराकडं पळत सुटला. भाजीच्या ओळीत लालीबाई वांगी निवडत होती, बबिताचा बाप भीमसिंग पिशवी धरून उभा होता.

"भीमसिंग, पळ! जिनिंगमंदी तुह्या पोरीचं लगन लागून राह्यलं!"

हसू येतं ना? तेव्हाही ज्यानं ज्यानं ऐकलं तो हसला असेल. पण तांड्यातल्या दुसऱ्या कोणी ऐकलं असतं तरी त्यानंही हेच केलं असतं. जिथं ढावलो तिथं नवरी. एवढं साधं गणित होतं त्याचं.

बाजाराला आलेला अर्धा तांडा जिनिंगच्या शेडवर चालून गेला. दार ढकलून सगळ्यात आधी आत शिरली ती लालीबाई. बबिता डोळे मिटून माइकसमोर उभी. पुढच्या कडव्यासाठी तिनं नुकताच दम घेतला होता. "बबी!" अशी हाक आली आणि डोळे उघडायच्या आत गालावर थप्पड बसली. कोणाचा तरी पाय वायरीत अडकला, डेक खाली आदळलं, आणि बोंडअळी तिथंच संपली.

आत हळद नव्हती, अक्षता नव्हत्या, हार नव्हता. भीमसिंगनं चार गाठींमागं वाकून बघितलं, आणि शरमला बिचारा. पण बाजारच्या तोंडाला हात कोण लावणार? आगीशिवाय धूर निघतो का, हेच जो तो म्हणायला लागला. भाजीवाल्यापासून एसटी स्टँडपर्यंत गोष्ट पोचली तोवर लग्न लागून मधुचंद्रसुद्धा उरकला होता.

तुम्ही विचाराल, होतं का काही तिच्यात आणि अश्वजितमध्ये? बबितानंही स्वतःला हे पुष्कळदा विचारलंय. तिचा पाय अडकू नये म्हणून अश्वजित माइकची वायर स्वतःच्या कमरेला गुंडाळून उभा राहायचा. ती गायला लागली की तो तिच्याकडं न बघता गाठींकडं बघायचा. एवढंच तिला आठवतं. होतं की नव्हतं हे कळायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढाही त्या पोरीला कोणी दिला नाही. राग येतो तो याचा.

तुळशीचं लग्न लागलं आणि तिसऱ्या दिवशी बबिताचं. नवरा प्रेमसिंग, यवतमाळकडच्या तांड्यातला. माणूस चांगला मिळाला, हे सांगितलंच पाहिजे. त्याच्यावर कुठलाही बोल नाही. पुढं एसटीत ड्रायव्हर झाला, लोहाऱ्यात दोन खोल्या बांधल्या, दोन्ही पोरींना शिकवतोय. पण निघायच्या वेळी बाया गोळा झाल्या, लालीबाई पुढं आली, आणि बबिता आईच्या गळ्यात पडली ती खांबासारखी उभीच्या उभी. तोंडातून शब्द निघेना. डोळ्यांत टिपूस नाही. बायांनी मागून चिमटे काढले. काकीनं कानात पहिली ओळ सांगितली. काही नाही. चाळीस पोरींना रडायला शिकवणाऱ्या बाईची स्वतःची पोरगी सुक्या डोळ्यांनी जीपमध्ये जाऊन बसली.

त्या दिवशी तांड्यात लालीबाईचं नाक कापलं गेलं. ते तिनं कसंबसं सोसलं. पण पोरगी आपल्यासाठी न रडता गेली, हे काही तिला सोसलं नाही. भीमसिंग वारला तेव्हाही ती बबिताला म्हणाली होती, "बापासाठी तं रडली. मह्या वाट्याले कई येतं?" दर लग्नात, दर सणाला हा काटा वर यायचा. आणि बबिता? तिनं एकदा नाही, दहा वेळा मनाशी ठरवलं की आईच्या गळ्यात पडायचं आणि म्हणून टाकायचं ते कडवं. पण तोंड उघडलं की ती पदर खोचून दुसऱ्याच कामाला लागायची. मग ती गाणंच विसरली. म्हणजे विसरल्यासारखं केलं. रात्रपाळीहून आलेला प्रेमसिंग कधी रेडिओ लावायचा, तर ही उठून बाहेर कपडे वाळत घालायला जायची.

दोन वर्षांपूर्वी लालीबाईचा खुबा मोडला. तांड्यात एकटीला कोण बघणार, म्हणून बबितानं तिला लोहाऱ्यात आणलं. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे जुन्या बाईच्या जिवावर आलं, पण इलाज नव्हता. आता शामनं चाकणला घर घेतलं होतं, आणि दसऱ्याला येऊन तो आईला कायमची घेऊन जाणार होता. लालीबाईचं वय झालेलं. इतक्या लांबून ती पुन्हा येईल याचा काय भरवसा? बबिताला हे कळत होतं. रवीचं गाणं मोबाईलमध्ये पडून तीन आठवडे झाले होते. रोज ती ते उघडायची आणि बंद करायची. आपल्याला ऐकायचंय म्हणून नाही. आईला ऐकवावं की नाही, हेच तिला ठरवता येत नव्हतं. ऐकवलं आणि आईचं मन आणखीच कडवट झालं तर? तशीच ती गेली तर?

दसऱ्याच्या आधीचा रविवार. प्रेमसिंग पुसद गाडीवर गेलेला, पोरी क्लासला. सकाळचे दहा वाजले असतील. बबिता आईची बॅग भरत होती आणि लालीबाई खाटेवर बसून हुकूम सोडत होती. मायलेकी आपसात बंजाऱ्यांची गोरबोली बोलतात. इथं वऱ्हाडीत सांगतो, म्हणजे सगळ्यांना समजेल.

"ते हिरवं लुगडं नोको घेऊ. गोळ्या वर ठेव. आन् हे पाह्य, तुह्या पोरीच्या लग्नाले मी राह्यतो का नाही कोणाले माहीत. तिले रडाचं शिकवून ठेवजो. नाही तं तेही जाईन तुह्यासारखी. कोरडी ठणठणीत."

बबिताचा हात बॅगेतच थांबला. अठरा वर्षं ऐकलं होतं हे. एकदाही उलटून बोलली नव्हती. पण आज काय झालं कोण जाणे, तिच्या डोक्यात सणक गेली.

"थांब याडी," ती म्हणाली. "आज तुले ऐकवतोच."

पोरींचा तो डबीएवढा स्पीकर फळीवरून काढला, मोबाईलला जोडला, खाटेवर आईच्या मांडीशी ठेवला. लालीबाईला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज पूर्ण वाढवला. आणि लावलं.

आधी नुसती खरखर. मग रवीचा आवाज, "चालू." मग शामच्या काड्यांचे चार ठोके. बबिताची बोटं लुगड्याच्या घडीवर आपोआप पडायला लागली. गिटार सुरू झाली. दुसरी तार जराशी उतरलेली होती. अठरा वर्षांनीही तिला ती खटकली. देवा रे, किती चांगलं वाजवत होते हे! किती लहान होतो आम्ही! कोणी कधी सांगितलंच नाही की हे चांगलं आहे.

मग गाणारी पोरगी आली.

"कोण हाय वं हे?" लालीबाईनं विचारलं.

"मी हावो."

लालीबाई पुढं वाकली. बापाचं कडवं चालू झालं तशी तिची मान हलायला लागली. जाणत्या बाईचं काय असतं, राग असो लोभ असो, सूर कानावर पडला की शिकवणारी जागी होते. "इथं लांबवाले पायजे होतं," ती पुटपुटली. थोड्या वेळानं, "हे बेस. दम बरोबर तोडला." भावाचं कडवं आलं. ढोल जड झाले. लालीबाईचे ओठ पोरीच्या आवाजासोबत हलत होते. कडवं संपलं. पोरीनं दम घेतला. तो श्वास स्पीकरमधून स्वच्छ ऐकू आला.

आणि दार धाडकन उघडलं. "बबी!" मग थप्पड. ती ढोलावर काडी पडावी तशी वाजली. काहीतरी आदळलं, आणि मग काहीच नाही.

लालीबाईनं स्वतःचाच आवाज ऐकला होता, अठरा वर्षांपूर्वीचा, खणखणीत. तिनं स्पीकर हातात घेऊन उलटापालटा करून बघितला.

"आणखी लाव."

बबितानं पुन्हा लावलं. या वेळी तो श्वास आला तसा लालीबाईनं हात वर केला. "थांबव." बबितानं थांबवलं. म्हातारीनं बोटं मोजली, पोरींना शिकवताना मोजायची तशीच. "बापाचं झालं. भावाचं झालं." तिसरं बोट धरून ती थांबली. पुढं कोणाचं असतं, हे तिला सांगायची गरज नव्हती. तरी तिनं विचारलं. "आता कोणाचं होतं?"

"तुहं," बबिता म्हणाली. "तुहंच होतं याडी. मी दम घेतलता."

लालीबाईचं बोट तसंच धरलेलं राहिलं.

"लगन नोहतं लागून राह्यलं, हे मले दार उघडल्याबरोबर दिसलं होतं," ती म्हणाली. "धावजी येडा हाय हे मले का माहीत नोहतं? पण मी म्हटलं, पोरीनं मह्यं कडवं मले न देता या पोट्ट्याईले देऊन टाकलं. तेचा राग आला. म्हणून मारलं. मंग लग्नात तू गप राह्यली, तं वाटलं, इनंही राग धरला."

"राग नोहता वं. तोंड उघडलं का तुहा हात दिसे. अजूनही दिसते. मिलमधल्या बाया म्हण म्हणतात ना, तवाही दिसते."

लालीबाई रडायला लागली. चाळीस पोरींना सुरात रडायला शिकवणारी ती बाई बेसूर रडली, नाक वाहत, लहान पोरासारखी. बबितानं तिला छातीशी धरलं. तिला कडवं आठवत होतं, शब्दन् शब्द. तरी तिनं ते म्हटलं नाही. आईनंही म्हण म्हटलं नाही. एकोणिसाव्या वर्षीचा दम सदतिसाव्या वर्षी पुरा करता येत नाही, हे दोघींनाही कळत होतं.

थोड्या वेळानं लालीबाईनं पदरानं तोंड पुसलं. "त्या रवीले सांग. लोकाईले ऐकवू दे म्हणा."

"रवी शेवट काढून टाकीन, याडी. दाराच्या आधी तोडता येते. कोणाले कळणार नाही."

"नाही!" म्हातारीचा आवाज एकदम जुन्या धारेवर आला. "मही थप्पड राहू दे. पोरीनं आपल्या मायचं कडवं काहून नाही म्हटलं, असं लोक तुले इचारतीन. तुह्यावर बोल नोको. त्याईले ऐकू दे, कोणं तोडलं ते."

बबितानं मोबाईल उचलला, बटण दाबून धरलं, आणि रवीला म्हणाली, "टाक. जसं हाय तसंच टाक."